किडनीची गाठ, तीन ब्लॉक आणि पीडी-एल१ची तपासणी

कृष्णाकाठ

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसताच वाचतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण घरात कुणाला विचारावं ते सुचत नाही.

वडील ६३ वर्षांचे. दिवाळीनंतर दोनदा लघवीतून रक्त गेलं, दुखलं मात्र काहीच नाही. सोनोग्राफीत उजव्या किडनीत गाठ दिसली, मग सीटी झाला, आणि तेवीस दिवसांपूर्वी दुर्बिणीतून अख्खी किडनी काढली. आता तब्येत बरी आहे, सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारतात. रिपोर्ट आठव्या दिवशी आला: क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा कर्करोग, गाठ ८.५ सेंटिमीटर, चारपैकी ग्रेड ३, गाठ किडनीच्या आतच, म्हणून टप्पा पीटी२ए. डॉक्टर म्हणाले, सध्या औषध नाही, ठरावीक काळानं स्कॅन करत राहायचं.

मग एका लॅबचा माणूस भेटला. गाठीच्या ब्लॉकवरून (मेणात बसवलेल्या तुकड्यावरून) पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाची आणि शेकडो जनुकांची तपासणी करून मिळेल म्हणाला. 'आजार परत येईल का आणि कुठलं औषध लागेल, सगळं आधीच कळेल.' खर्च आमच्या दोन हंगामांच्या उसाच्या बिलाएवढा. भावजी म्हणतात, कर्ज काढू पण करू. आई काहीच बोलत नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघते.

माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा ईआर, पीआर, हर-२ अशा तपासण्या झाल्या आणि त्यावरूनच औषध ठरलं. आत्या आज अकरा वर्षं चांगली आहे. मग किडनीत तसं का होत नाही? इतकं संशोधन चाललंय म्हणतात, मग अडतं कुठे? कुणी समजावून सांगेल का? वेळ आहे, सावकाश वाचेन.

सूक्ष्मदर्शिनी

कृष्णाकाठ, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं स्लाईडी बघते आहे. तुमच्या वडिलांवर उपचार करणारी मी नाही, त्यामुळे अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुमचा आत्याचा प्रश्न नेमका आहे. तिथूनच सुरुवात करते.

'मार्कर', म्हणजे आजाराबद्दल काही सांगणारी खूण, हा एकच शब्द आपण तीन निराळ्या कामांना वापरतो आणि घोटाळा तिथेच होतो. आजार नेमका कोणता हे ओळखणं हे पहिलं काम. तो पुढे कसा वागेल याचा अंदाज हे दुसरं. आणि अमुक औषध या माणसाला लागू पडेल का, हे तिसरं. आत्याचं हर-२ तिसऱ्या कामात खरं उतरलेलं आहे, कारण औषध ज्याला जाऊन चिकटतं तीच वस्तू आपण स्लाईडवर रंगवून बघतो. किडनीत पहिल्या कामाचे मार्कर चांगले आहेत. दुसऱ्याचे लंगडे आहेत. तिसऱ्या कामाचा, म्हणजे रोजच्या ओपीडीत ज्याच्यावर विसंबून औषध निवडावं असा टिश्यूतला, म्हणजे गाठीच्या तुकड्यातला, मार्कर क्लिअर सेल कर्करोगासाठी आजही हातात नाही.

असं का? क्लिअर सेलचं मूळ आहे व्हीएचएल नावाच्या जनुकात. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवरचं हे जनुक १९९३ साली सापडलं. ते बंद पडलं की पेशीला सतत वाटत राहतं की आपल्याला प्राणवायू कमी पडतोय, आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. हे कोडं उलगडणाऱ्यांना २०१९चं नोबेल मिळालं. पण हा बिघाड बहुतेक सगळ्याच क्लिअर सेल गाठींत असतो. वर्गातल्या सगळ्या मुलांनी पांढरा सदरा घातला तर सदऱ्यावरून मूल ओळखायचं कसं? व्हीएचएल बिघडलंय एवढं कळून तुमच्या वडिलांचा आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा आजार वेगळा काढता येत नाही.

आता पीडी-एल१. फुप्फुसाच्या कर्करोगात त्याचा उपयोग होतो, म्हणून किडनीतही होईल असं सगळ्यांना वाटलं. २०१५ साली निवोलुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधाची मोठी चाचणी आली, ८२१ रुग्णांची. औषध मिळालेल्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २५ महिने, जुन्या एव्हरोलिमसच्या गटाचं १९.६. आणि हा फायदा पीडी-एल१ असणाऱ्यांना झाला तसा नसणाऱ्यांनाही झाला. म्हणजे रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून औषध नाकारलं असतं तर माणसं हकनाक मुकली असती. त्यात ही तपासणी वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटिबॉडींनी, म्हणजे त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंनी, होते. कुणी फक्त गाठीच्या पेशी मोजतं, कुणी भोवतालच्या रोगप्रतिकारक पेशीही धरतं. एकाच ब्लॉकचे दोन लॅबमधून दोन आकडे आले तर मला नवल वाटणार नाही.

शिवाय वडिलांना सध्या कुठलं औषध चालूच नाही. 'कुठलं औषध लागू पडेल' हा प्रश्न आज तुमच्या दारात उभा नाही. तपासणीचं उत्तर काहीही आलं तरी उद्या सकाळी डॉक्टर तेच करणार असतील, तर ते पैसे घरात राहू द्या.

गाठ आतून एकसारखी नसते, हे सगळ्यात मोठं दुखणं. २०१२ साली लंडनच्या चार्ल्स स्वाँटन यांच्या गटानं किडनीच्या एकाच गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन त्यांची जनुकं वाचली. ६३ ते ६९ टक्के बदल असे निघाले की ते सगळ्या तुकड्यांत नव्हतेच. त्याहून धक्कादायक म्हणजे एकाच गाठीच्या एका कोपऱ्यात 'चांगल्या भवितव्या'ची खूण आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'वाईट भवितव्या'ची. सुई कुठे टोचली, यावर माणसाचं भविष्य ठरल्यासारखं झालं.

म्हणून एक विचारते. रिपोर्टच्या मधल्या भागात, जिथे नुसत्या डोळ्यांनी बघून केलेलं वर्णन असतं तिथे, गाठीतून किती ब्लॉक घेतले ते लिहिलंय का? बघून सांगा.

रानजाई

ताई, पहिल्या कामाचे मार्कर चांगले आहेत म्हणालात, त्याचं जिवंत उदाहरण मी आहे. चौतिसाव्या वर्षी माझी डावी किडनी काढली. आधी 'पॅपिलरी', म्हणजे किडनीच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार, असावा असं म्हणाले होते. मग एका पॅथॉलॉजिस्टला पेशींची केंद्रकं वेगळी वाटली, त्यांनी एफएच नावाच्या प्रथिनाचा स्टेन केला, म्हणजे स्लाईड रंगवून ते आहे का ते पाहिलं. तो माझ्या गाठीत उमटलाच नाही. न उमटणं हीच खूण. मग रक्ताची तपासणी झाली, बिघाड जन्मजात निघाला. माझ्या बहिणीचं गर्भाशय एकोणतिसाव्या वर्षी फायब्रॉईडमुळे काढलं होतं, त्याचा संबंध तेव्हा लागला. आता तिचा आणि माझ्या भाच्यांचा नियमित स्कॅन होतो. एका स्टेननं आमच्या घरातली चार माणसं आज डॉक्टरांच्या नजरेखाली आहेत.

पॅराफिन

ताईंनी गाठीच्या आतली गोष्ट सांगितली. मी गाठ बाहेर पडल्यानंतरची सांगतो. मी हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन आहे, मुंबईत. ब्लॉकचे पातळ काप काढायच्या यंत्रावर, मायक्रोटोमवर, एकोणीस वर्षं गेली. मार्कर का फसतात हे मोठी मोठी माणसं जनुकांमध्ये शोधतात, आणि मला ते बरणीतच दिसतं.

किडनी काढताना सर्जन आधी धमनी बांधतात. तिथून त्या टिश्यूचा रक्तपुरवठा बंद. मग आजूबाजूचं सोडवायचं, पिशवीत घालायचं, चीर मोठी करून बाहेर काढायचं. तेवढा वेळ ती किडनी पोटात, शरीराच्या उबेत, रक्ताविना असते. मग ती ट्रेमध्ये येते. कधी नातेवाइकांना दाखवायला बाहेर नेतात. मग बरणी शोधतात. मग फॉर्मॅलिन. हे सगळं किती मिनिटांत झालं याची नोंद बरणीवरच्या चिठ्ठीत असावी असं मी कितीदा सांगितलं असेल. बहुतेक चिठ्ठ्यांवर नाव, वय आणि 'राइट किडनी' एवढंच असतं.

फॉर्मॅलिन टिश्यूत साधारण तासाला एक मिलिमीटर शिरतं. अख्खी किडनी, वर चरबीचा थर, न कापता बरणीत टाकली तर मधल्या गाठीपर्यंत पोचायला दिवस लागतात, आणि तोवर गाठीचा गाभा आतून सडायला लागलेला असतो. किडनी आल्या आल्या मधून उभी चिरायला हवी, आणि फॉर्मॅलिन निदान दहापट हवं. शनिवारी दुपारी आलेली किडनी सोमवारी सकाळी उघडली की वासावरूनच कळतं. नंतर त्या ब्लॉकवर कितीही महागडी तपासणी करा, गेलेलं परत येत नाही. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात आणि काही अक्षरं बदलतात. जुन्या ब्लॉकमधून वाचलेला 'बदल' गाठीचा की बरणीचा, हे निवडणं सोपं नाही.

आणखी एक, किडनीचंच खास. किडनीच्या पेशींत बायोटिन मुळातच भरपूर असतं. स्टेनिंगची जुनी पद्धत बायोटिनवर चालायची. स्लाईड उकळून काढली की ते बायोटिन उघडं पडायचं आणि अँटिबॉडी चिकटलेली नसतानाही स्लाईड छान तपकिरी दिसायची. नव्या पॉलिमर किटमध्ये हा त्रास नाही. पण जुन्या काळात ज्यांनी किडनीत 'नवा मार्कर सापडला' असं लिहिलं, त्यांतल्या काहींचा तपकिरी रंग खरा कुठून आला असेल, असं मला नेहमी वाटतं.

आणि नाव 'क्लिअर सेल' का, तर त्या पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन भरलेलं असतं. चरबी अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून जाते, ग्लायकोजेनही प्रक्रियेत बरंचसं निघून जातं, म्हणून पेशी रिकामी, स्वच्छ दिसते. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण आजाराला नाव दिलं, ती गोष्ट आमच्या मशीनमध्ये धुऊन गेलेली असते. पहिल्यांदा हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ स्लाईड हातात धरून बसलो होतो.

कृष्णाकाठ

ताई, रिपोर्ट पाहिला. किडनीचे एकूण सहा ब्लॉक. ए१ ते ए३ गाठीचे, बाकी मूत्रवाहिनी, रक्तवाहिन्या आणि चांगली किडनी. म्हणजे गाठीचे तीन. 'कापल्यावर पिवळसर, मध्ये रक्तस्राव, एका बाजूला करडा पांढरा भाग' असंही लिहिलंय. हे वाईट आहे का?

सूक्ष्मदर्शिनी

घाबरू नका, पण उशीरही करू नका.

गाठीच्या दर सेंटिमीटरमागे एक ब्लॉक, आणि कमीत कमी तीन, असा आम्हा लोकांमधला संकेत आहे. ८.५ सेंटिमीटरला आठ-नऊ व्हायला हवेत. तीन घेणं हा गुन्हा नाही. कामाच्या गर्दीत होतं, माझ्याही हातून झालंय. पण तो 'करडा पांढरा भाग' मला अस्वस्थ करतो. क्लिअर सेल गाठ सोनेरी पिवळी असते. करडा पांढरा, मांसासारखा भाग नुसता जुना व्रण असू शकतो, किंवा तिथे पेशी जास्त आक्रमक असू शकतात. त्या भागातून ब्लॉक घेतला होता का, हे रिपोर्टवरून कळत नाही.

रिपोर्ट दिल्यावर उरलेलं टिश्यू लॅब साधारण महिनाभर बरणीत ठेवतात आणि मग नष्ट करतात. तुमचा रिपोर्ट येऊन पंधरा दिवस झाले. उद्याच सर्जनना भेटा आणि म्हणा, त्या करड्या भागातून आणि बाकीच्या गाठीतून आणखी ब्लॉक घ्यावेत अशी लेखी विनंती लॅबला करा. इतके दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिल्यामुळे जनुकांच्या तपासणीला ते टिश्यू फारसं चांगलं नसेल, पण साध्या गुलाबी-जांभळ्या स्टेनला अजून उत्तम चालेल. त्या लॅबच्या माणसाची शेकडो जनुकांची तपासणी त्या तीन ब्लॉकमधल्या एकावर होणार होती, हेही ध्यानात घ्या. ८.५ सेंटिमीटरची गाठ म्हणजे सुमारे ३२० घनसेंटिमीटर, आणि चार मायक्रॉनची एक स्लाईड म्हणजे तिचा साधारण दीड लाखावा हिस्सा.

कृष्णाकाठ

उद्या सकाळच्या एसटीनं निघतो.

उत्तरायण

मी इंग्लंडमध्ये एका प्रयोगशाळेत काम करते, किडनीच्याच गाठींवर. मूळची चिपळूणची. कृष्णाकाठ परत येईपर्यंत त्यांच्या 'अडतं कुठे' या प्रश्नाला एका मार्करची पूर्ण कहाणी सांगते, कारण अशा कहाणीतूनच ते नीट कळतं.

सीए-नाइन नावाचं प्रथिन. व्हीएचएल बिघडलं की ते पेशीच्या अंगावर दाट उगवतं, चांगल्या किडनीत मात्र जवळपास नसतं. मार्कर म्हणून याहून देखणा उमेदवार मिळणं कठीण. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या गटानं दाखवलं की ८५ टक्क्यांहून जास्त पेशी रंगल्या तर रुग्ण जास्त जगतात. २००५ साली आणखी आशा वाढली. तेव्हा इंटरल्युकिन-२ हे फार त्रासदायक पण काही थोड्यांना पूर्ण बरं करणारं औषध होतं. ६६ रुग्णांच्या जुन्या ब्लॉकवर पाहिलं, तर औषधानं गाठ कमी झालेल्यांपैकी ७८ टक्क्यांत सीए-नाइन जास्त होतं, बाकीच्यांत ५१ टक्क्यांत. सगळ्यांना वाटलं, मिळालं.

मग दोन गोष्टी झाल्या. २००७ साली मेयो क्लिनिकनं ७३० रुग्णांवर तेच तपासलं. ग्रेड आणि गाठीतला मेलेला भाग हिशेबात धरल्यावर सीए-नाइन स्वतंत्रपणे काहीच जास्त सांगत नव्हतं. पॅथॉलॉजिस्ट नुसत्या डोळ्यांनी जे बघतात तेच ते निराळ्या रंगात सांगत होतं. आणि इंटरल्युकिनचं? त्यासाठी मुद्दाम आधी ठरवून, पुढे चालणारी चाचणी केली, १२० रुग्णांची. औषधानं २५ टक्क्यांची गाठ कमी झाली, पण त्यांच्यात आणि बाकीच्यांत सीए-नाइनचा फरक उरला नाही. २०१५ साली ते छापून आलं. दहा वर्षं, आणि कितीतरी माणसांनी दिलेलं टिश्यू.

तरी कहाणी इथे संपत नाही, आणि हा भाग मला फार आवडतो. त्याच सीए-नाइनला चिकटणारी अँटिबॉडी, गिरेन्टुक्सिमॅब, किरणोत्सारी झिर्कोनियम लावून शिरेतून दिली आणि पेट स्कॅन काढला, तर किडनीतली गाठ क्लिअर सेल आहे की नाही हे ८५ टक्क्यांच्या वर अचूक ओळखता येतं. ते निकाल २०२४ साली आले. भविष्य सांगण्याच्या कामात नापास झालेलं प्रथिन ओळख पटवण्याच्या कामात पास झालं. वर ताईंनी तीन कामं वेगळी केली ती यासाठीच महत्त्वाची. आणि स्कॅनमध्ये तुकडा नसतो, अख्खी गाठ असते.

पॅराफिनदादा, तुमच्या धमनीच्या मुद्द्यात एक भर घालते. गाठीची तुलना आम्ही शेजारच्या चांगल्या किडनीशी करतो. पण धमनी बांधल्यावर ती चांगली किडनीही गुदमरते, आणि तिच्यातही प्राणवायू कमी पडल्याच्या खुणा उठतात. गाठीत त्या आधीपासूनच असतात. दोघींमधला खरा फरक तेवढ्या वेळात पुसट होतो. हे लक्षात न घेता केलेली तुलना मी पाहिली आहे आणि स्वतःही केली आहे, पहिल्या वर्षी. सहा महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं.

मध्यक

मी संख्याशास्त्र शिकवतो. उत्तरायण यांच्या ८५ टक्क्यांवर थोडं बोलतो.

८५च का? ८० का नाही, ६० का नाही? बहुतेकदा आकडेवारी हातात आल्यावर संशोधक सगळे कापबिंदू (कमी आणि जास्त यांमधली सीमा) लावून बघतात आणि जिथे दोन गटांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो तो ठेवतात. असं केलं की काहीच संबंध नसताना 'संबंध आहे' असं दिसण्याची शक्यता पाच टक्के राहत नाही, ती चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. मग दुसऱ्या शहरातला माणूस तोच आकडा लावतो आणि त्याला काही दिसत नाही. यात लबाडी कुणाचीच नसते, तरी निष्कर्ष चुकतो. मार्करचे अभ्यास कसे लिहावेत याचे रिमार्क नावाचे नियम २००५ साली आले ते याच त्रासातून, आणि आजही निम्मे लेख कापबिंदू आधी ठरवला होता का ते सांगतही नाहीत, असं माझं वाचन सांगतं.

दुसरं, शेकडो रुग्णांचं काम एकदम व्हावं म्हणून प्रत्येक ब्लॉकमधून ०.६ मिलिमीटर व्यासाच्या बारीक कांड्या काढून एकाच स्लाईडवर लावतात. तीन कांड्या धरल्या तरी एक चौरस मिलिमीटरही भरत नाही. वडिलांच्या गाठीचा कापलेला पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार चौरस मिलिमीटर असेल. शेताच्या एका सरीतली मूठभर माती घेऊन वीस एकरांना खत ठरवू नये, हे कृष्णाकाठ यांना मी सांगायला नको.

रानजाई

मध्यक, पण मग इतक्या वर्षांत काहीच पुढे गेलं नाही का? वाचून जीव खचतो.

उत्तरायण

नाही रानजाई, पुढे गेलंय. गाठ एकजिनसी नाही हे कळल्यावर लोक हात टेकून बसले नाहीत. १०१ रुग्णांच्या गाठींमधून बाराशेहून जास्त जागचे तुकडे तपासले, २०१८ साली ते आलं. त्यातून दिसलं की या वैविध्यालाही वळणं आहेत. काही गाठींमध्ये पीबीआरएम१ हे जनुक आधी बिघडतं, मग त्या हळूहळू फांद्या फोडत वाढतात. काहींमध्ये बीएपी१ हे जनुक सुरुवातीलाच जातं आणि त्या लवकर पसरतात. म्हणजे 'या तुकड्यात काय आहे' यापेक्षा 'गाठीत किती तऱ्हा आहेत' हाच मार्कर होऊ शकतो. त्याच वर्षी असंही कळलं की तिसऱ्या गुणसूत्राचा तो तुकडा बहुतेकदा बालपणी किंवा पौगंडावस्थेतच गळलेला असतो, मोजक्या काहीशे पेशींत, आणि गाठ दिसायला पुढची काही दशकं जातात. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी मी आईला फोन केला होता, कारण माझे आजोबा याच आजारानं गेले.

फ्रान्समध्ये तर गोठवलेल्या टिश्यूवरून रुग्णांचे चार गट पाडून गटाप्रमाणे औषध देऊन पाहिलं. २०२२ साली ते निकाल आले. औषध गटावरून निवडणं शक्य आहे एवढं त्यातून दिसलं. पण त्यासाठी गोठवलेलं टिश्यू लागतं, आणि मेणाच्या ब्लॉकवर चालणाऱ्या जगात ते किती ठिकाणी मिळेल?

आणि एक गोष्ट मला खुपते. ११ देशांतल्या ९६२ क्लिअर सेल गाठींची जनुकं २०२४ साली वाचली गेली. रुमानिया-सर्बियाच्या बहुतेक गाठींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल या वनस्पतीतल्या विषाच्या खुणा निघाल्या, जपानच्या गाठींत तिसरीच काही खूण. देश बदलला की गाठीचा इतिहास बदलतो. त्या ११ देशांत भारत नाही. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्ये गाठींचा टिश्यू साठा आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये शेकडो रुग्णालयं जोडलेली आहेत. पण सांगलीच्या माणसाच्या किडनीवर आपण अजूनही बहुतांशी अमेरिका-युरोपच्या माणसांवरून काढलेले निष्कर्ष लावतो.

दगडफूल

मी युरोसर्जन, म्हणजे किडनी-मूत्रमार्गाचा सर्जन आहे. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. नातेवाइकांना 'आणखी ब्लॉक घ्यायला लावा' असं इथून सांगितलं की प्रत्येक रिपोर्टवर संशय सुरू होतो. माझ्याकडे अशी माणसं येतात, झोप उडालेली. बहुतेक वेळा जास्तीच्या ब्लॉकमध्ये तेच निघतं जे आधी निघालं होतं.

पण पीडी-एल१बद्दल सूक्ष्मदर्शिनींशी पूर्ण सहमत. पसरलेल्या आजारात आजही मी ज्या सहा गोष्टींवर जोखीम ठरवतो त्यांत टिश्यूतलं काहीच नाही: रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद, निदानापासून औषधापर्यंत वर्ष गेलं का, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट. शेवटच्या चार तर रक्ताच्या साध्या चाचणीतल्या.

सूक्ष्मदर्शिनी

डॉक्टर, तुमची काळजी मला पटते. सरसकट सगळ्यांना मी हे सांगणार नाही. इथे करडा भाग वर्णनात आहे आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या भागात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून सांगितलं. आणि पीटी२ गाठीत या एका गोष्टीवर पुढचा निर्णय अडू शकतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

दगडफूल

खरंय. पीटी२ आणि ग्रेड ३ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. तीच पीटी२, पण ग्रेड ४ किंवा सार्कोमॅटॉईड (लांबट, आक्रमक पेशींचा) भाग असेल, तर ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे निवोलुमॅबच्याच जातीचं औषध द्यायचं का ही चर्चा करावी लागते. वर्णन मी नीट वाचलं नव्हतं. मुलानं जाऊन विचारलं ते बरोबरच केलं.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितोय, क्षमा करा. तेरा दिवस फार धावपळीत गेले.

बरणी होती. आणखी आठवडाभरानं नसती, असं तिथल्या मावशी म्हणाल्या. सर्जननी चिठ्ठी दिली, लॅबच्या डॉक्टरांनी जरासुद्धा राग न धरता स्वतः माझ्यासमोर बरणी काढून घेतली. आणखी सात ब्लॉक घेतले. त्यांतल्या पाचांत पहिल्यासारखंच निघालं. करड्या भागातल्या दोनांत सार्कोमॅटॉईड पेशी निघाल्या. ग्रेड आता ४ लिहिलाय. सुधारित रिपोर्ट दिला आणि ते डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही आलात ते बरं झालं.' मला काय बोलावं कळेना.

आज कर्करोगतज्ज्ञांना भेटलो. पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनपासून बारा आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं म्हणाले, म्हणजे आमच्याकडे सात आठवडे आहेत. दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर. त्यांनी कागदावर आकडे लिहून दिले: ज्या ९९४ जणांवर हे तपासलं, त्यांत चार वर्षांनी औषधाशिवाय १०० तले ८६ जण हयात होते आणि औषध घेणाऱ्यांपैकी ९१. मी विचारलं, मग माझे वडील त्या ८६ मधले की मधल्या पाचांतले की उरलेल्या नवांतले, हे टिश्यूवरून कळेल का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'हाच तर प्रश्न आहे. आज नाही कळत.'

धागा काढला तेव्हा मला वाटत होतं की ही तपासणी कुठेतरी आहे आणि फक्त आम्हाला परवडत नाही. ती अजून कुठेच नाही हे कळल्यावर मन विचित्रपणे शांत झालं. लॅबच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. वडिलांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, राहिलेली गाठ कुणाला अभ्यासाला हवी असेल तर देऊन टाक.

हे कसं करायचं असतं? कुणाला विचारायचं?

पॅराफिन

दादा, बरणीतलं टिश्यू आता संशोधनाला फारसं उपयोगी नाही, पण ब्लॉक आहेत. ब्लॉक लॅबकडेच राहू द्या, पुढे वडिलांनाच लागू शकतात. जिथे औषध चालू होणार आहे तिथे विचारा की टिश्यू संग्रह किंवा संशोधनासाठी संमतीपत्र असतं का. असेल तर वडील स्वतः सही करतील, तुम्ही नाही. ब्लॉकमधून पातळ काप काढून देता येतात, ब्लॉक संपत नाही. आणि गाठीच्या सगळ्या दहा ब्लॉकचे क्रमांक, करडा भाग कुठल्या दोनांत आहे तो शेरा, आणि धमनी बांधल्याची वेळ ऑपरेशन नोटमध्ये असेल तर तीही, असं सगळं एका कागदावर लिहून सोबत जोडा. तो कागद पुढे जो कुणी ती स्लाईड बघेल त्याच्या फार कामाचा असतो.

कृष्णाकाठ

ऑपरेशन नोट काढली. धमनी बांधली सकाळी ११.१०. किडनी बाहेर ११.५५. फॉर्मॅलिनची वेळ नाही. लिहून ठेवलंय.